ओल्या बोंबलांची फायनल

प्रिय गंधाली,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहितेय. व्हॉइस मेसेज पाठवला की निळ्या खुणा येतात आणि पुढे तू गप्प. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं नाही आणि चुका काढायच्या नाहीत. माझा खुबा बरा आहे. यज्ञेश बरा आहे. जिन्याखालची मांजर परत व्यायली, एक पिल्लू तुझ्यासारखं घारं आहे आणि तुझ्यासारखंच कोणाच्या हाताला लागत नाही. झाली खुशाली. आता कामाचं बोलू.

रविवारी फायनल आहे. मुकुलने आपल्यासाठी दोनदा पुढे ढकलली. पोरगा भला आहे, पण क्लब चालवायचा म्हणजे त्यालाही लोकांना तोंड द्यावं लागतं. काल फोन आला त्याचा. म्हणाला, आजी, लीग जोडीची आहे, एकटीला बसवता येत नाही, या रविवारी तुम्ही दोघी आला नाहीत तर कप देवदत्तच्या जोडीला द्यावा लागेल. देवदत्तला! जो मांडायच्या आधी एकेक बाहुली रुमालाने पुसतो आणि हरला की फाशाला शिव्या घालतो. तुझा मेसेज मिळालाय मला, 'तुम्ही दुसरी जोडीदार बघा' म्हणून. वाचला. त्याखालची ओळपण वाचली. तिचं शेवटी बघते. आधी देवदत्त.

दुसरी जोडीदार आणू कुठून? विचारून बघितलं, खोटं नाही सांगत. बाजारात माझ्या शेजारी बसते त्या सुगंधाला म्हटलं, चल गो माझ्याबरोबर अंधेरीला. तिला माहीतच नव्हतं मी रविवारी जाते कुठे, तिला वाटायचं सत्संगाला. मग बसल्या बसल्या समजावलं. पटावर मैदान आखलेलं असतं, घरं घरं. अकरा बाहुल्या माझ्या, अकरा समोरच्याच्या. चेंडू उचलायचा आणि पलीकडच्या रेषेपार न्यायचा, आणि वाटेत येईल त्याला आडवं करायचं. सगळं फाशावर. बाहुल्या माणसांच्या नसतात, कोण राक्षस, कोण बुटके चिलखतवाले, कोण उंच काटकुळ्या टोकेरी कानांच्या. सुगंधा ऐकून म्हणाली, म्हणजे आपला बाजारच की, फक्त म्हावरं नाही. हुशार आहे, पण रविवार तिचा धंद्याचा मोठा दिवस. म्हणाली, तुझ्या बाहुल्यांपायी माझे पापलेट कोण विकणार? बरोबर आहे तिचं. माझेपण रविवारी दुपारनंतरचे पापलेट जातातच. जाऊ देत.

पण खरं सांगू, सुगंधा आली असती तरी मी तिला दारातून परत पाठवली असती.

तुला आठवतं, मी पडले तेव्हा काय झालं होतं? बाजारातल्या ओल्या लादीवर घसरले आणि खुब्याचं हाड गेलं. रॉड घातला, वॉकर दिला आणि पावसाळाभर खाटेवर. सगळा चारकोप मला बघायला येऊन गेला. प्रत्येक बाई नारळपाणी घेऊन यायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, कमळ, आता आराम कर, खूप केलंस. मला वाटायचं वॉकर फेकून मारावा. आराम कर म्हणजे काय? संपलीस असं म्हणा सरळ. फिजिओवाली यायची, लहान पोराशी बोलतात तसं बोलायची, पाय उचला आजी, शाब्बास आजी. मी पाय उचलायचेच नाही. यज्ञेश ओरडायचा, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे. घरात तेवढी तू एकटी गप्प, लॅपटॉप घेऊन खाटेच्या पायथ्याशी ऑफिसचं काम करत बसलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती तोवर, आणि तुझं माझं बोलणं काय, तर चहा ठेवू का आणि ठेव. तुला म्हावऱ्याचा वास सोसायचा नाही, मला तुझी ती मिळमिळीत आमटी. भांडण नव्हतं. भांडायलापण ओळख लागते.

मग एका गुरुवारी तू तो खोका काढलास. मला वाटलं, आता ही मला पोरासारखं खेळवणार, आणि मुद्दाम हरणार, आणि म्हणणार शाब्बास आई. तसं केलं असतंस ना, तर मी भिंतीकडे तोंड करून झोपले असते आणि उठले नसते. तू काय केलंस? तीन-शून्य. माझ्या अर्ध्या बाहुल्या मैदानाबाहेर. वर म्हणालीस, आई, तुम्ही फार वाईट खेळता. आणि पट आवरून परत ऑफिसच्या मीटिंगला बसलीस. मला इतका राग आला, इतका राग आला की मी संध्याकाळी उठून बसले. उठून बसल्याशिवाय पट नीट दिसत नव्हता म्हणून. फिजिओवाली दुसऱ्या दिवशी म्हणाली, अरे वा, कशी काय बसलात? मी म्हटलं, सुनेला हाणायचंय.

पडल्यावर सगळ्यांनी माझी कीव केली. तू मला हरवलंस. हे उपकार मी विसरलेली नाही. बोलून दाखवलं नाही कधी, ते आता लिहून दाखवते, परत विचारू नकोस.

मी त्या बारीक टोकेरी कानवाल्या घेतल्या होत्या, कारण त्या दिसायला चांगल्या. तू सांगितलंस, या एल्फ आहेत, चपळ आहेत पण नाजूक, फटका बसला की मोडतात. मी म्हटलं, म्हणजे बोंबील. पळताना हाताला लागत नाही, दाबला की पाणी. पुढे क्लबात आपण जोडीने त्याच घेतल्या, आणि आपल्या टीमचं नाव ओले बोंबील. घरी तू घ्यायचीस ते बुटके चिलखतवाले म्हणजे चिंबोऱ्या, कवचवाले खेकडे. आणि ती एक लाल केसांची, सगळ्यांच्या मधून उड्या मारत जाणारी, तिला मी निवटी म्हटलं. तुला निवटी माहीत नव्हती. खाडीच्या चिखलात उड्या मारते ती, आजपर्यंत मी तरी हाताने एकही पकडलेली नाही.

बोंबील घेतले खरे, पण खेळले मी बाजारात बसतात तशी. आमच्याकडे एकच कायदा, जागा सोडायची नाही. पाटीला पाटी, खांद्याला खांदा. पाणी प्यायला उठलीस तर शेजारणीचं म्हावरं तुझ्या लादीवर आलंच. पन्नास वर्षं हेच केलं. तर मी सगळ्या बोंबलांना रेषेवर नेऊन चिकटून बसवले, बघू कोण हलवतं. तुझ्या चिंबोऱ्या आल्या आणि कुटत गेल्या. दुसऱ्या गुरुवारी तेच, सोमवारी तेच. खाटेवर असले तरी सोमवार-गुरुवार म्हणजे बिनधंद्याचे वार, तेच आपल्या खेळाचे, आणि दर सोमवार-गुरुवारी माझी चटणी. एकदा तू वैतागलीस आणि म्हणालीस, आई, या बसायला आलेल्या नाहीत, या पळायला आल्यात, जागा सोडा ना! मी म्हटलं, जागा सोडली तर समोरची घेईल. तू म्हणालीस, घेऊ दे, जागेला गोल मिळत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मागे सरले. एक घर. तुझी चिंबोरी पुढे आली, फटका मारायला समोर कोणी नाही. परत एक घर मागे. परत ती पुढे. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हरले तेव्हाही, पण दोन-एक. तो एक गोल निवटीने केला, तुझ्या दोन चिंबोऱ्यांच्या मधून. मी खाटेवरून ओरडले तर खालून वॉचमन आला बघायला, आजी गेली की काय म्हणून.

आता रविवारचं नीट ऐक, कारण तू शिकवलंस तरी तू स्वतः विसरतेस. देवदत्तच्यापण चिंबोऱ्याच आहेत. तो चेंडू मधे ठेवणार, चारी बाजूंनी चिलखत आणि खेकड्यासारखा हळूहळू सरकणार. नियमाने आपले तीन जण रेषेवर ठेवावेच लागतात, ते ठेवू, ते आडवे होणार, होऊ देत. बाकी आठ मागे, आणि त्यांच्या-आपल्यात कायम एक घर मोकळं. चिकटायचं नाही. चिकटलं की तो मारतो, आणि सुटायला आपल्याला फासा टाकावा लागतो. कडेच्या ओळीत तर पाऊल टाकायचं नाही, तिथून ढकललं की खेळाच्या नियमाने बाहेरचे प्रेक्षक बाहुलीला बडवतात, सेमी फायनलला तू तसाच एक चांगला बोंबील घालवलास. मला अजून राग आहे. त्याला सरकू दे. त्याच्या चाली मोजक्या आहेत, निम्म्या संपल्या की त्याला घाम फुटतो, मग तो चेंडूवाल्याला घाईत बाहेर काढतो. तेव्हा निवटी.

आणि फासा शेवटी! किती वेळा सांगू? एकजण पडला की आपली पाळी तिथेच संपते. आधी ज्यांना फासा लागत नाही त्यांना जागेवर लावायचं, मग सोपा फासा, आणि अवघड सगळ्यात शेवटी. तू आधी निवटीची उडी टाकतेस, कारण तुला तीच आवडते, आणि ती पडली की बाकी दहा जण हात बांधून उभे. मी पाटी लावते तेव्हा बोंबील आधी काढते, ते लगेच नासतात, सुरमईला बर्फात काही होत नाही. कशाला घाई आहे आणि कशाला नाही, एवढंच बघायचं असतं.

चेंडू आपल्याकडे आला तर लगेच गोल करायचा नाही. माहितेय, तुला दम निघत नाही. पण लगेच केला तर चेंडू त्याच्याकडे जातो आणि उरलेला सगळा वेळ तो आपल्याला कुटत बसतो. चेंडू मागे ठेवायचा, लांब, आणि शेवटच्या चालीला पळायचं. बाहुल्या फार मोडायला लागल्या तर मात्र थांबायचं नाही, असेल तेव्हा पळायचं. कधी थांबायचं आणि कधी निघायचं ते मी सांगते. तू हलव. तुझा हात हलका आहे, माझी बोटं सुजतात आणि दोन बाहुल्या पाडतात.

त्या क्लबात पहिल्यांदा गेलो तेव्हाचं आठवून मी अजून हसते. औषधाच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही. फिजिओवाली महिनाभर मला एका पायरीवर चढ-उतार करायला सांगत होती, मी नाही म्हणत होते, बाजारापर्यंत सपाटीवर चालायचे तेवढंच. त्या दिवशी तू खाली विचारलंस, जाऊया परत? मी कठडा धरला आणि चढले. तू मागे होतीस, हात लावला नाहीस. मला माहितेय तुझे दोन्ही हात पुढे होते, मी पडले तर धरायला, जिन्यातल्या काचेत दिसत होतं. पण लावला नाहीस. वर पोचले तर हा देवदत्त म्हणतो, काकू, बघणाऱ्यांच्या खुर्च्या तिकडे. तू म्हणालीस, त्या बघायला नाही आल्यात, त्या माझ्या कोच आहेत. माझ्या अंगाला म्हावऱ्याचा वास होता, सकाळचा बाजार करून आले होते. एकाने खुर्ची जरा सरकवली. तू आपली खुर्ची सरकवलीस ती माझ्याकडे. ते मी बघितलं होतं.

बाजारातलं एक सांगायचं राहिलं, तू गेल्यानंतरचं आहे. मी माझी जागा सोडली. ऐकून तुला चक्कर येईल. दारातली पहिली लादी, माझ्या सासूपासूनची. तिथे सकाळी हातगाड्या, बर्फाच्या पेट्या, गिऱ्हाइकांची ढकलाढकली, कोण कधी धक्का देईल नेम नाही. माझी हाडं आता बोंबलाची आहेत, ते मला कळतं. मी लादी सुगंधाला दिली आणि आत खांबाच्या मागे जाऊन बसले. बाया म्हणाल्या, कमळची वाट लागली. महिनाभर धंदा बसला, खरं आहे. मग माझी गिऱ्हाइकं शोधत आत आली, आणि आत आलं की माणूस उभ्या उभ्या भाव करत नाही, बसून बोलतं, जास्त घेतं. आता सुगंधा म्हणते, तू मला फसवलंस, चांगली जागा स्वतः घेतलीस. पडले त्याला दोन वर्षं झाली, परत पडले नाही. हे तुझं शिकवलेलं आहे, म्हणून कळवलं.

तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. दोघं शहाणी आहात. शेवटी शेवटी घरात बशी ठेवली तरी आवाज व्हायचा, तो मला ऐकू येत होता. तू बॅग घेऊन मुलुंडला आईकडे गेलीस तेव्हा आमच्या बाया आल्याच, सून टिकली नाही गो कमळ म्हणून. मी म्हटलं, टिकायला ती काय लोणचं आहे? यज्ञेश माझा मुलगा आहे. त्याची बाजू घेतेस का तिची, असं कोणी विचारलं की मी चिंबोऱ्या साफ करायला घेते, आपोआप उठून जातात.

दिवाळीच्या आधी तुमचे कोर्टाचे कागद झाले आणि त्या रविवारपासून तू क्लबात आली नाहीस. त्याआधी वेगळी राहत होतीस तरी येत होतीस, सेमी फायनल आपण तशीच जिंकली. मी पहिल्या रविवारी म्हटलं, बरं नसेल. दुसऱ्या रविवारी दोन मजले चढून एकटी बसून आले. देवदत्तने चहा आणून दिला, म्हणजे बघ किती वाईट दिसत असेन मी. घरी गुरुवारी पट मांडते, एकदा या बाजूने खेळते, एकदा त्या बाजूने. मजा नाही. मला माहितेय मी काय करणार आहे ते.

यज्ञेशने मागच्या गुरुवारी बघितलं. समोर बसला, चिंबोऱ्या घेतल्या, खेळला. बापासारखा खेळतो, समोर येईल त्याला धडक. मी चार-शून्य केले. आवरताना म्हणाला, आई, तिला बोलाव. माझ्यामुळे तुमची फायनल बुडायला नको. मी म्हटलं, तुला चालेल? तर म्हणाला, ती तुझ्याकडे येते ना, माझ्याकडे कुठे? एवढं बोलून बाहुल्या खोक्यात नीट ठेवल्या त्याने, तू लावायचीस तशा, कापसात. तो रविवारी क्लबाकडे फिरकत नाही, कधीच फिरकला नाही, तेव्हा ते कारण तू सांगू नकोस.

आता तुझ्या मेसेजची खालची ओळ. 'कमळ मावशी, आता मी कोणत्या नात्याने येऊ?' मावशी वाचलं आणि फोन उलटा ठेवला. दोन महिने उत्तर सुचलं नाही, म्हणून व्हॉइस मेसेजवर आरडाओरडा करत होते, ये म्हणून. तू फोन उचलला नाहीस ते बरं केलंस. आता सुचलंय. सून म्हणून तू माझ्याशी चहापुरती बोलायचीस आणि मीपण. त्या नात्याने तू मला उठवलं नाहीस. तू मला पटाच्या समोर बसून उठवलंस. कोर्टाने जे मोडलं ते तुझं नि यज्ञेशचं, तिथे माझं नाव कुठे होतं? माझं नाव मुकुलच्या फळ्यावर आहे, तुझ्या शेजारी, खडूने लिहिलेलं, आणि ते मी पुसू दिलेलं नाही. तू जागा सोडलीस, बरोबर केलंस, तेव्हा तेच करायचं होतं. पण बोंबील मागे सरतो तो घरी जायला नाही, हे तुला मी सांगायचं? आई म्हण, मावशी म्हण, आजी म्हण, नाहीतर नुसतं कमळ म्हण. पाकिटात तळाला कापूस आहे, तो टाकू नकोस, उघड. निवटी आहे. बाकी दहा माझ्याकडे. तिच्याशिवाय मी मांडणार नाही आणि टीम अपुरी असेल तर देवदत्त हरकत घेणार म्हणजे घेणारच. तेव्हा ती घेऊन ये. रविवारी तीन वाजता, औषधाच्या दुकानाखाली. तू आल्याशिवाय मी जिना चढत नाही, आणि मला फार वेळ उभं राहवत नाही, ते तुला माहितेय.

तुझीच जोडीदार,
कमळ